ताईसाठी मऊ केलेली गाडी

माझ्या भावोजींना आमच्या भागात सगळे ‘स्प्रिंगवाले’ म्हणायचे. एका बंद पडलेल्या छापखान्याची लांबट शेड त्यांनी घेतली होती. मधोमध गाडीखाली उतरायचा खड्डा, एका बाजूला जॅक आणि पाने, आणि मागच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या स्प्रिंगा: लाल, पिवळ्या, निळ्या, काही नुसत्याच काळ्या. लांबून बघणाऱ्याला खेळण्यांचं दुकान वाटावं. इंजिनाला ते हात लावत नसत. गाडीचे जुने शॉकअप आणि स्प्रिंगा काढायच्या, गिऱ्हाइकाला हव्या तशा नव्या बसवायच्या आणि रस्त्यावर नेऊन त्या जुळवायच्या, एवढंच त्यांचं काम. पण त्या ‘एवढंच’मध्ये त्यांचा जन्म गेला.

गिऱ्हाइकं दोन जातीची. तरुण पोरांना गाडी खाली बसवून हवी असायची, कडक, वळणावर रस्त्याला चिकटून जाणारी. संसारी माणसांचं उलट. मागे सासू-सासरे आणि डिकीत सामान भरलं की गाडी ढुंगण टेकायची, ती त्यांना उचलून हवी. भावोजी दोघांचंही ऐकून घ्यायचे, मग गाडीच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी दाब द्यायचे, सोडायचे, आणि ती कशी वर येते ते बघत राहायचे. ही सवय इतकी मुरलेली की रस्त्यात उभ्या असलेल्या परक्या गाड्यांनाही जाता जाता दाबायचे. यावरून एकदा एका माणसाशी चांगलंच वाजलं होतं.

त्यांचं कुठलंही काम ताईशिवाय पुरं होत नसे. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. शेडच्या मागेच त्यांचं घर, खाली ते दोघं आणि वरच्या खोलीत मी. माझं लग्न टिकलं नाही, तेव्हा ताई मला घेऊन आली ती कायमची. मी तिथेच शिवणयंत्र टाकलं. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. गाडी जुळवून झाली की भावोजी मागच्या दारातून हाक मारायचे, “येतेस का गं?” ताई हात पुसत यायची, शेजारच्या सीटवर बसायची, आणि ते रेल्वे फाटकापर्यंत जाऊन परत यायचे. ताईचे दोनच शब्द होते. गाडी कडक असली की “दातात येतंय.” फार सैल, डुलत असली की “पोटात जातंय.” आणि गाडी बरोबर जमली असेल तर ती गाडीबद्दल बोलायचीच नाही. खिडकीबाहेर बघत दुसरंच काहीतरी सुरू करायची, अमक्यांनी घराला कसला रंग दिलाय, तमकीची मुलगी कशी वाळलीय. तिने असं दुसरं काही काढलं की गाडी पास. गिऱ्हाइकंसुद्धा विचारायची, “वहिनींनी पास केली का?”

मी भावोजींना छेडायची. “काय हो, लग्नाआधी ताईला स्कूटरवर बसवून तपासलं होतंत की नाही?”

“तपासलं ना. दोन वळणं गेल्यावर म्हणाली, दातात येतंय. तेव्हापासून शिकतोय.”

ताई मोठ्याने हसायची. तिचं हसणं शेडमधून रस्त्यापर्यंत ऐकू जायचं.

पाठदुखीने सुरुवात झाली. आम्हाला वाटलं, काहीतरी जड उचललं असेल. शेक झाला, मलम झालं, पट्टा झाला. मग एक दिवस ती खुर्चीतून उठताना तशीच अर्ध्यावर अडकली आणि तिच्या कपाळावर घाम फुटला. तपासण्या झाल्या. रोग दुसरीकडे कुठेतरी सुरू होऊन कधीचा हाडांत उतरला होता. पाठीचे मणके आतून पोखरल्यासारखे झाले होते. डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या होत्या, त्यांनी काही लपवलं नाही. दुखणं कमी व्हावं म्हणून यंत्राने किरणांचा शेक द्यायचा होता, आणि सोबत इंजेक्शनं. त्यासाठी वरचेवर यावं लागणार होतं.

“आणताना आडवं झोपवून आणा,” त्या म्हणाल्या. “धक्के बसू देऊ नका. मणक्यांना धक्का सहन होणार नाही.”

हे त्या सगळ्यांनाच सांगत असणार. पण भावोजी एकदम ताठ बसले. म्हणाले, “धक्क्यांचं माझ्यावर सोडा.”

आणि नेमकी आमची स्वतःची गाडी गावातली सगळ्यात कडक गाडी होती. ती भावोजींची जाहिरातच होती म्हणा ना. खाली बसवलेली, लाल स्प्रिंगा घातलेली, पोरं तिच्याभोवती घुटमळायची. शेकाच्या पहिल्या दिवशी आम्ही ताईला तिच्यात मागच्या सीटवर झोपवलं, डोकं माझ्या मांडीवर. शाळेपुढचा गतिरोधक भावोजींनी मुंगीच्या पावलाने ओलांडला, तरी ताई ओरडली. मी तिला तोवर ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. पुढे रेल्वे फाटक. तिथे रुळांच्या दोन्ही बाजूंना रस्ता उखडलेला. भावोजींनी गाडी अलीकडेच थांबवली. मागून हॉर्न वाजू लागले, एकाने तर काच खाली करून शिवी हासडली. भावोजींचा पाय काही केल्या उचलेना.

“चला हो,” ताई खालून म्हणाली. “किती वेळ असे उभे राहणार?”

त्या दिवशी हॉस्पिटलच्या आवारात ते ॲम्ब्युलन्सखाली वाकून बघून आले. “ती याहून वाईट,” एवढंच म्हणाले. “खाली मालट्रकसारखे लोखंडी पाटे आहेत, स्प्रिंगा नाहीत.”

घरी येऊन ताईला अंथरुणावर ठेवलं आणि ते तसेच, कपडे न बदलता, शेडमध्ये गेले. बाहेर उभी असलेली गिऱ्हाइकाची गाडी त्यांनी दुसऱ्या कारागिराकडे पाठवून दिली. आमची गाडी जॅकवर चढली. चारही चाकं निघाली, लाल स्प्रिंगा जमिनीवर आल्या. स्प्रिंग गाडीत बसवायची तर आधी तिला शिकंज्यात धरून दोन्ही बाजूंनी पेच पिळत दाबावं लागतं. त्या वेळी तिच्यात इतका जोर कोंडलेला असतो की शिकंजा निसटला तर जबडा फोडून जाईल. भावोजी मला दाराबाहेर उभं करायचे. मी बाहेरून पेचांची करकर ऐकत राहिले. भिंतीवरची सगळ्यात मऊ जोडी त्यांनी घातली. गाडी उंच झाली, जुन्या काळच्या म्हाताऱ्या सायबाच्या गाडीसारखी दिसू लागली.

पुढच्या खेपेला धक्के खरंच कमी झाले. पण गाडी होडीसारखी डुलायला लागली. प्रत्येक खड्ड्यानंतर वर, खाली, पुन्हा वर. फाटकाच्या अलीकडे लाकडाची वखार आहे, तिच्या पुढे ताईला उलटी झाली, आणि उलटीच्या उमाळ्याने तिच्या पाठीत जे झालं ते धक्क्यापेक्षा वाईट होतं. मी तिचं तोंड पुसलं. डोळे मिटूनच ती म्हणाली, “पोटात जातंय.” आणि हसली.

“कळलं,” पुढून भावोजी म्हणाले.

मग ते खरे कामाला लागले. मला त्यांनी समजावून सांगितलं, कारण ताई आता अंथरुणावर होती. स्प्रिंग धक्का पोटात घेते, पण घेतलेला धक्का तिला परत फेकायचा असतो. तो फेकू न देता जिरवायचा, हे शॉकअपचं काम. नुसती स्प्रिंग मऊ करून भागत नाही. त्यांनी असे शॉकअप मिळवले की ज्यांच्या डोक्यावर फिरवायची चकती होती. एक खटका फिरवला की जरा कडक, उलटा फिरवला की सैल. टायरही बदलले, जाड गालांचे घेतले, हवा कमी ठेवली. सांध्यांतले झिजलेले रबर नवे घातले. मागच्या सीटचा स्पंज कापून ताईच्या पाठीच्या आकाराची खोबण केली.

गाडी तपासायची कशी, तर मी चालवायची आणि ते मागच्या सीटवर ताईच्या उशीवर डोकं ठेवून आडवे. डोळे मिटलेले, दोन्ही हात छातीवर.

“पुन्हा,” ते म्हणायचे. मी गाडी वळवून पुन्हा त्याच खड्ड्यातून न्यायची. “थांब.” उतरून एक खटका फिरवायचे. “पुन्हा.”

फाटकावरच्या रखवालदाराने आमच्या एवढ्या फेऱ्या बघितल्या की शेवटी तो जवळ येऊन हळूच मला म्हणाला, “बाई, पेशंट फार सिरीयस आहेत का?”

“पेशंट घरी आहे,” मी म्हटलं. “हे तपासताहेत.”

त्याला काय कळलं कुणास ठाऊक. पण पुढे आमची गाडी दिसली की तो मागच्या गाड्यांना हात करून थांबवायचा.

अशाच एका फेरीत भावोजी ताडकन उठून बसले. त्यांच्या लक्षात आलं होतं की धक्का आधी पुढच्या चाकांना लागतो, मागच्यांना नंतर. पुढची आणि मागची बाजू सारखीच मऊ असेल तर नाक खाली जाताना शेपूट वर राहतं, गाडी मान डोलावत बसते, आणि ताईचं पोट ढवळतं ते त्यामुळे. मागची स्प्रिंग किंचित ताठ हवी, म्हणजे उशिरा हललेलं शेपूट नाकाला गाठेल आणि दोन्ही एकदम निवतील. हे ते पोरांच्या गाड्यांत वर्षानुवर्षं करत आले होते, वेगासाठी. इथे ते उलटं सुचायला वेळ लागला. त्या दिवशी त्यांनी जेवताना ताईला सगळं सांगितलं, बोटांनी ताटात गाडी काढून. ताई उशीला टेकून ऐकत होती. “हुशार आहात,” म्हणाली.

त्यानंतरच्या खेपेला वखार गेली, फाटक गेलं, आणि ताई बोलायला लागली. “त्या कोपऱ्यावरच्या घराला बघा, पिवळा दिलाय. आधीचा निळा बरा होता.” आरशात मला भावोजींचा चेहरा दिसला. कित्येक दिवसांत त्यांच्या डोळ्यांत असा उजेड नव्हता. “तुला आवडला नाही पिवळा?” त्यांनी विचारलं.

“शी. हळद सांडल्यासारखा.”

पण शालीखाली ताईने माझं मनगट धरलं होतं. पिवळ्या घराबद्दल बोलताना तिची नखं माझ्या मनगटात रुतत होती. रस्त्याचा प्रत्येक सांधा मला तिच्या हातातून कळत होता. मी तिच्याकडे बघितलं, तर तिने डोळ्यांनी मला गप्प राहायला सांगितलं.

घरी आल्यावर, भावोजी गाडी लावायला गेले तेवढ्यात, ती म्हणाली, “त्यांना सांगू नकोस. माणूस गाडीखालून बाहेर यायला तयार नाही. माझ्याजवळ बसत नाही, जेवत नाही. झालं म्हटलं की येतील तरी.”

पुढच्या खेपेलाही तेच. ताईने शेजारणीच्या सुनेचा विषय काढला, भावोजी खुशीत, आणि माझं मनगट काळंनिळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये गेले. भावोजी पाने पुसून जागेवर लावत होते. “झालं,” मला बघून म्हणाले. “आता हिला हात लावायचा नाही. दोन खेपा झाल्या, तिला काही कळलंसुद्धा नाही.”

मी बाही वर सारली आणि हात त्यांच्यापुढे केला.

“हे काय? मशीनमध्ये आला का हात?”

“ताईची बोटं आहेत ही.”

ते बघत राहिले. “पण ती तर रंगाबद्दल बोलत होती.”

“हो.”

“त्या सुनेबद्दल...”

“हो, भावोजी.”

ते बाजूच्या टायरांच्या ढिगावर बसले. हातातला पाना तसाच. म्हणाले, “बाकी कशाबद्दल बोलली असेल, मला माहीत नाही. पण गाडीबद्दल माझ्याशी कधी खोटं बोलली नव्हती.” आणि मग, मी घाबरले होते की रडतील, तर त्यांनी माझा हात दिव्याखाली ओढला. “हे मोठं कुठे झालं? फाटकावर?”

“नाही. फाटकावर कमी. वखारीपाशी. तिथे रस्त्याला बारीक बारीक लाटा आहेत ना, तिथे धरून ठेवते ती, सोडतच नाही.”

“बारीक लाटा,” ते म्हणाले. “मी मोठ्या खड्ड्यांच्या मागे लागलो होतो.” शॉकअप सावकाश हलताना मऊ होता, पण भरभर, थोडंथोडं हलायची वेळ आली की आतल्या आत अडत होता. ते उठले. शॉकअप पुन्हा खाली आले, उघडले गेले, आतलं तेल बदललं, आतल्या पातळ चकत्या एक एक काढून बघितल्या गेल्या. मी वर जाऊन मशीनवर बसले, पण टाका सरळ पडेना.

तेव्हापासून तपासायचं मोजमाप माझं मनगट झालं. हॉस्पिटलहून आलो, ताईला झोपवलं, की भावोजी मला शेडमध्ये बोलवायचे आणि दिव्याखाली हात बघायचे. कुठला वळ कुठे उठला, ते मी सांगायची. ताईच्या ते लक्षात यायला वेळ लागला नाही. “घरात हेर पाळलाय मी,” ती चिडून म्हणाली. दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मग संध्याकाळी मला बोलावलं. “आता कळलंच आहे तर नीट करू. जेवढं दुखेल तेवढंच दाबीन. जास्त नाही, कमी नाही. त्यांना बरोबर कळू दे.”

आणि तिने तसं केलं. मागच्या सीटवर आडवी पडून, डोळे मिटून, ती पुन्हा त्यांची गाडी तपासू लागली. फक्त शब्दांऐवजी बोटांनी. शेकाने तिला जे बरं वाटायला हवं होतं ते काही वाटत नव्हतं, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं. पण आमच्या घरात बोलणं व्हायचं ते गाडीचं. वखारीपाशी आता किती, फाटकावर किती. भावोजी एका सकाळी घमेलं आणि फावडं घेऊन फाटकावर गेले आणि रुळांकडेचे खड्डे स्वतः खडीने भरून आले. रखवालदाराने मदत केली. दुसऱ्या दिवशी मालट्रकांनी ती सगळी खडी उधळून लावली होती. भावोजी पुन्हा गेले. पुन्हा उधळली. तिसऱ्यांदा गेले नाहीत.

वळ कमी होत गेले. एका खेपेला फक्त एकच, फिकट. भावोजींनी मागच्या शॉकअपचा एक खटका सोडला, टायरमधली हवा जराशी आणखी कमी केली.

आणि पुढच्या खेपेला मनगटावर काहीच नव्हतं.

त्यांनी माझा हात दिव्याखाली धरला, उलटा केला, सुलटा केला. चष्मा कपाळावर चढवून जवळून बघितलं. “काहीच नाही?”

“काहीच नाही.”

“वखारीपाशी?”

“नाही. हात माझ्या हातात होता, पण दाबला नाही तिने.”

“फाटकावर?”

“तिथेही नाही.”

भावोजींनी बॉनेटवर जोरात थाप मारली. खरंच हसले. आणि मागच्या दाराने धावत घरात गेले. “अगं, जमलं! ऐकलंस का? जमलं!”

मीही त्यांच्यामागे गेले. मलाही आनंद झाला होता, का नाही होणार? ताई उशीला टेकून बसली होती. थकलेली, पण हसली. “जमलं का? बरं झालं.” तिने पाणी मागितलं. भावोजींनीच पेला भरला आणि तिच्या हातात दिला. तिची बोटं पेल्याभोवती आली, आणि पेला खाली सरकला. सगळं पाणी अंथरुणावर.

“असू दे, असू दे,” भावोजी म्हणाले. पुन्हा भरून दिला. पुन्हा तसाच सरकला. ताई आपल्या हाताकडे बघत होती, जणू तो कुणा दुसऱ्याचाच हात आहे.

भावोजींनी पेला बाजूला ठेवला. आपलं एक बोट तिच्या तळव्यात दिलं. “दाब बघू.”

ताई त्यांच्याकडे बघत राहिली.

“दाब गं.”

“दाबतेय की,” ती म्हणाली.

मी दारातच उभी होते. भावोजी बोट तसंच तिच्या तळव्यात ठेवून बसले. ओली चादर बदलायला मी पुढे झाले, तर मला कळेना, त्यांना उठा कसं म्हणायचं. शेवटी ताईच म्हणाली, “उठा हो. पाणी गार लागतंय.”

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. मणक्यांतून हातांकडे जाणाऱ्या नसा दाबल्या जात होत्या. आणखी शेक देता येईल, पण त्याचा उपयोग फारसा होणार नाही, असं त्या म्हणाल्या. बाहेर आवारात गाडीचं मागचं दार उघडं टाकून आम्ही ताईला नीट झोपवत होतो, तेव्हा ती म्हणाली, “आता नको यायला. गाडी चांगली झाली तुमची. पण आता नको.”

भावोजींनी वाद घातला नाही. त्या दिवशी परतताना ते इतके हळू आले की रस्त्यावरची सायकलवाली माणसंही आम्हाला मागे टाकून गेली. फाटकावर रखवालदाराने नेहमीसारखा हात केला. मागे कुणीच बोलत नव्हतं.

ताई घरातच गेली, एका दुपारी. मी तिच्या पायांना तेल लावत होते आणि भावोजी खिडकीचा पडदा सारखा करत होते. ते वळले तोवर झालं होतं. खिडकीकडे पाठ करून ते उभे राहिले, आणि पडद्याची दोरी त्यांच्या हातातून सुटेना. मीच बोटं उघडून ती सोडवली.

तिला न्यायला शववाहिका आली. शेजारच्या माणसांनी उचलून ठेवलं, आम्ही दोघं आत बाजूच्या बाकावर बसलो. ती गाडी म्हणजे लोखंडी डबा. खाली काही मऊ असण्याचा संबंधच नव्हता. शाळेपुढच्या गतिरोधकावर चालकाने वेग कमीच केला नाही. ताईचं अंग वर उचललं गेलं आणि धाडकन खाली आलं.

“अरे, हळू!” भावोजी ओरडले.

चालक तरुण होता. त्याने आरशातून बघितलं. “काका,” तो समजुतीने म्हणाला, “आता त्यांना काय.”

भावोजी बाकावरून उतरले, खाली गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी ताईला खांद्यांना धरून राहिले. वखारीपाशी, फाटकावर, त्यापुढच्या सगळ्या रस्त्याने. प्रत्येक धक्क्याला त्यांचं अंग तिच्याबरोबर हादरत होतं. मी त्यांना वर बसा म्हटलं, एकदा, दोनदा. मग मीही खाली बसले आणि ताईचे पाय धरले. दुसरं काय करणार?

शेड काही दिवस बंद राहिली. मग गिऱ्हाइकांचे फोन यायला लागले आणि भावोजींनी दार उघडलं. हात तेच होते, पाने तेच. स्प्रिंग काढायची, घालायची, सगळं नीट. पण काम झालं की गाडी फाटकापर्यंत नेऊन आणायचे आणि आणल्यावर स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहायचे. गिऱ्हाईक विचारी, “कशी वाटतेय?”

“तुम्हीच बघा चालवून,” ते म्हणायचे.

लोकांना आधी ती वयाची विनयशीलता वाटली. मग एकाने गाडी परत आणली. पुढचं एक चाक थडथडत होतं, सीटवर बसलेल्या कुणालाही कळेल इतकं. भावोजी ती गाडी फाटकापर्यंत नेऊन आले होते. त्यांना कळलं नव्हतं.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, “भावोजी, मी बसू का तुमच्याबरोबर? गाडी तपासायला?”

एकदा त्यांनी मला नेलं. मी ताईच्या जागेवर बसले नाही, मागे बसले. फाटकावरून येताना सांगितलं, “मला जरा कडक वाटतेय.”

“हं,” ते म्हणाले.

शेडमध्ये येऊन उतरले, दार लावलं. “तू नको येत जाऊस,” म्हणाले. “तुला समजत नाही असं नाही. बरोबरच सांगितलंस. पण मला आतून काही लागत नाही गं. तू कडक म्हटलंस, मी ऐकलं. मला तर सगळ्या गाड्या सारख्याच लागतात आता.”

गिऱ्हाईक आपोआप दुसरीकडे वळलं. आमची गाडी भावोजींनी एका माणसाला विकली. दोन दिवसांनी तो परत आला. गाडी फारच मऊ आहे म्हणाला, वळणावर कलते, बायकोमुलांना भीती वाटते. नेहमीच्या स्प्रिंगा घालून द्याल का? मी वरून ऐकत होते. मला वाटलं, नाही म्हणतील. भावोजी म्हणाले, “ठेवून जा.” शिकंजा काढला, चारही स्प्रिंगा उतरवल्या, शॉकअप उतरवले, आणि त्याला हव्या तशा घालून दिल्या. उतरवलेलं सगळं शेडच्या कोपऱ्यात होतं. पुढे भिंतीवरच्या रंगीत स्प्रिंगांबरोबर तेही भंगारवाल्याच्या टेम्पोत गेलं. भावोजींनी एक एक उचलून त्याच्या हातात दिलं. एकही बाजूला ठेवलं नाही.

आता शेडमध्ये काचवाल्याचं गोदाम आहे. भावोजी रस्त्याच्या टोकाला एका टायरवाल्याकडे जातात, हवा भरतात, पंक्चर काढतात. संध्याकाळी येऊन खालच्या खोलीत दिवा न लावता बसतात. मी मशीन बंद करून खाली उतरते, दिवा लावते.

“जेवायला वर येता?” मी विचारते.

“बघू,” म्हणतात.

कधी येतात. कधी मी ताट खाली घेऊन जाते, तर ते बसल्या जागी झोपलेले असतात. मग मी ते तिथेच झाकून ठेवते.